कोळसा संपला नाही, माणसं संपली: मॅकडॉवेल काउंटीचं प्रकरण

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या अगदी दक्षिणेला मॅकडॉवेल नावाची काउंटी, म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय घटक, आहे. वेल्च हे तिचं मुख्य ठिकाण. 2010 च्या जनगणनेत वेल्चची लोकसंख्या 2,406 होती आणि 2020 मध्ये ती 3,590 झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास निम्म्याने वाढली. त्याच दहा वर्षांत अख्ख्या काउंटीची लोकसंख्या मात्र 22,113 वरून 19,111 वर आली. नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की आसपासची खेडी ओस पडून लोक मुख्य गावात राहायला आले असतील. आपल्याकडे तालुक्याच्या गावांचं असंच होतं. वेल्चमध्ये तसं काही झालेलं नाही. वेल्चच्या पत्त्यावर 2010 साली केंद्र सरकारचा तुरुंग सुरू झाला. अमेरिकी जनगणनेत कैदी जिथे डांबलेला असतो तिथलाच रहिवासी धरला जातो. गावात भर पडली ती या तुरुंगातल्या लोकांची.

मॅकडॉवेलबद्दल अमेरिकेत पुष्कळ लिहिलं जातं आणि त्यातलं बरंचसं एकाच वाक्यावर येऊन थांबतं: कोळसा संपला, म्हणून गाव उठलं. हे वाक्य चुकीचं आहे, असं माझं मत आहे. इथला कोळसा आजही निघतो. इथली लोकसंख्या कळसावर होती 1950 साली, आणि तिची घसरण सुरू झाली तेव्हा कोळशाला गिऱ्हाईक होतं, थर शाबूत होते, खाणी चालू होत्या. मग माणसं का गेली आणि गेलेल्यांच्या जागी दुसरं काहीच का उभं राहिलं नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्रात आहे, दुसऱ्याचं जमिनीत.

जागा

अमेरिकेत राज्याखालोखालचा प्रशासकीय घटक म्हणजे काउंटी. देशात अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, वेस्ट व्हर्जिनियात 55. या राज्यात न्यायालय, मालमत्ता कर, जमिनीच्या नोंदी, शेरीफ म्हणजे पोलीस आणि शाळा हे सगळं काउंटीच्या पातळीवर चालतं. मॅकडॉवेलचं क्षेत्रफळ सुमारे 1,385 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. ही काउंटी 1858 मध्ये टेझवेल काउंटीतून वेगळी काढली गेली, तेव्हा हा भाग व्हर्जिनिया राज्यात होता. यादवी युद्धात 1863 साली वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं आणि मॅकडॉवेल त्याच्या वाट्याला आली.

हा ॲपालेशियन पर्वतरांगांच्या पश्चिमेकडच्या पठाराचा भाग. नकाशावर त्याला पठार म्हणतात, पण तिथे उभं राहिलं तर पठार कुठेच दिसत नाही. पाण्याने ते इतकं चिरून काढलंय की उरल्यात फक्त उभ्या धारा आणि त्यांच्यामधल्या अरुंद घळी. प्रत्येक घळीत एक ओढा, ओढ्याच्या काठाने एक रस्ता, जिथे जागा मिळेल तिथे रेल्वेचा रूळ आणि उरलेल्या पट्टीत एका ओळीत घरं. एल्कहॉर्न ओढा वेल्चमध्ये टग फोर्क नदीला मिळतो, टग फोर्क पुढे बिग सँडीला, बिग सँडी ओहायोला आणि ओहायो मिसिसिपीला. नद्या अशा वायव्येला वाहतात आणि कोळसा जातो उलट दिशेला, पूर्वेकडे, अटलांटिकच्या बंदरावर. या प्रदेशाचा निम्मा इतिहास या उलट्या वाहतुकीत आहे.

सपाट जमीन किती दुर्मीळ आहे याची एक साक्ष वेल्चमध्येच उभी आहे. 1941 साली या गावाने मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ बांधला. नगरपालिकेच्या मालकीची अशी वाहनतळाची इमारत अमेरिकेत त्याआधी कुठे नव्हती. न्यूयॉर्क-शिकागोच्या आधी ही वेळ काही हजार वस्तीच्या डोंगरी गावावर आली, कारण गाडी उभी करायला जमीनच नव्हती.

अशा जमिनीवर शेतीतून किती माणसं जगू शकतात? उत्तर जनगणनेतच आहे. 1880 मध्ये, रेल्वे येण्याआधी, काउंटीत 3,074 माणसं होती. मका, डुकरं, शिकार आणि थोडं लाकूड यावर ती जगत होती. मॅकडॉवेलच्या पुढच्या सगळ्या आकड्यांकडे बघताना हा आकडा लक्षात ठेवावा. डोंगराने स्वतःच्या बळावर पोसलेली माणसं एवढीच होती. बाकी सगळी कोळशाने आणली.

चढण

शेजारच्या व्हर्जिनियातल्या पोकाहाँटास गावातून 1883 मध्ये कोळशाची पहिली खेप रेल्वेने नॉरफॉक बंदराकडे गेली. तिथून नॉरफॉक अँड वेस्टर्न रेल्वेने डोंगर पोखरून 1888 च्या सुमारास मॅकडॉवेलमध्ये प्रवेश केला आणि 1892 पर्यंत ओहायो नदीपर्यंत मजल मारली. कोळशाचा नकाशा ज्याने मांडला त्या आयझाया वेल्चचं नाव नव्या गावाला मिळालं आणि त्याच सुमारास काउंटीचं मुख्यालयही तिथे हललं.

इथला पोकाहाँटास क्रमांक 3 हा थर अभियंत्यांच्या दृष्टीने लॉटरी होता. कोळसा कमी धुराचा, त्यामुळे नौदलाच्या बोटींना हवाहवासा, आणि कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीत लागणारं भाजलेल्या कोळशाचं इंधन, बनवायला उत्तम, म्हणून पोलादवाल्यांना त्याहून जास्त हवा. थर बऱ्याच ठिकाणी डोंगराच्या कुशीत उघडा पडलेला, त्यामुळे खोल विहीर खणायची गरज नाही. उतारावर आडवं बीळ पाडायचं, कोळसा बाहेर आणायचा, तो घसरत खाली रुळावरच्या वाघिणीत. अरुंद घळींची अडचण इथे सोय होऊन बसली.

अडचण होती ती माणसांची. 3,074 डोंगरी शेतकऱ्यांमधून हजारो खाणकामगार निघणार कुठून? कंपन्यांनी दलाल पाठवले. व्हर्जिनिया, कॅरोलिना आणि अलाबामातून कृष्णवर्णीय मजूर आले, इटली, हंगेरी, पोलंड, रशियातून थेट जहाजातून उतरलेले आले. वेस्ट व्हर्जिनियात शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या, पण दक्षिणेच्या इतर राज्यांसारखा कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क मात्र काढून घेतलेला नव्हता, आणि खाणीत टनामागे मिळणारी मजुरी वर्ण पाहून ठरत नव्हती. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काउंटीतल्या चार माणसांत साधारण एक कृष्णवर्णीय होता. कीस्टोन गावातून ‘मॅकडॉवेल टाइम्स’ हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र निघायचं, त्यातून ‘मॅकडॉवेलचं मुक्त राज्य’ हा शब्दप्रयोग रुजला. याच कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची 1928 मध्ये, पतीच्या निधनानंतर, राज्याच्या प्रतिनिधीगृहात नेमणूक झाली. अमेरिकेच्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्याच वर्षी किंबॉलमध्ये पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक-सभागृह उभं राहिलं.

हे चित्र गोड करून सांगायचं कारण नाही. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, पगाराचा काही भाग कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या टोकनात. संप केला की घराबाहेर. मेटवन गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफिल्ड खाणकामगारांच्या बाजूचा. 1 ऑगस्ट 1921 ला तो खटल्यासाठी वेल्चला आला असताना न्यायालयाच्या पायऱ्यांवर खाणमालकांच्या भाडोत्री गुप्तहेरांनी त्याला गोळ्या घातल्या. त्यातून पेटलेला उठाव खाणकामगार आणि मालकांच्या बाजूची सशस्त्र माणसं यांच्यातल्या ब्लेअर डोंगरावरच्या लढाईपर्यंत गेला. मॅकडॉवेलमध्ये मात्र कामगार संघटनेला पाय रोवायला 1933 उजाडलं.

आकडे

आता तक्ता पाहू. दर दहा वर्षांची जनगणना:

1880: 3,074
1890: 7,300
1900: 18,747
1910: 47,856
1920: 68,571
1930: 90,479
1940: 94,354
1950: 98,887
1960: 71,359
1970: 50,666
1980: 49,899
1990: 35,233
2000: 27,329
2010: 22,113
2020: 19,111

सत्तर वर्षांत 100 पैकी 81 माणसं कमी. चौरस किलोमीटरला 71 माणसं होती, आता 14 आहेत. 2020 चा आकडा 1900 च्या आकड्याला जवळजवळ चिकटतो, पण हे साम्य फसवं आहे. 1900 मध्ये इथे आलेला सरासरी माणूस पंचविशीतला, नुकताच उतरलेला, कामाला लागलेला होता. आज राहिलेला सरासरी माणूस पन्नाशीकडे झुकलेला आहे आणि काउंटीत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात.

तक्त्यात मला सर्वात बोलका वाटतो तो 1970 ते 1980 चा सपाट तुकडा. त्याच्या आधी दोन दशकं प्रत्येकी 28-29 टक्के घट, त्याच्या नंतरही 29 टक्के, आणि मध्ये फक्त दीड टक्का. कोळसा संपत आला म्हणून माणसं जात असती तर घसरण सरळ रेषेत दिसली असती. ही रेषा जिन्यासारखी उतरते, आणि प्रत्येक पायरीला वेगळं कारण आहे.

पहिली पायरी: यंत्र

1950 पूर्वीचा कोळसा बहुतांशी हाताने भरला जायचा. सुरुंग लावायचा, ढिगारा पडला की फावड्याने गाडीत भरायचा, टनावर पैसे. यात हजारो हात लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर असं यंत्र आलं जे सुरुंगाशिवाय थर कुरतडतं आणि तोडलेला कोळसा स्वतःच मागे ढकलतं. काही मोजकी माणसं पूर्वीच्या मोठ्या टोळीचं काम करू लागली.

संघटनेने हे अडवलं असेल असं वाटेल, पण झालं उलटं. युनायटेड माइन वर्कर्सचे नेते जॉन एल. लुईस यांनी 1950 मध्ये खाणमालकांशी करार केला. संघटना यंत्रांना विरोध करणार नाही, बदल्यात मालक दर टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्ती निधीत भरतील. लुईस यांचं गणित स्पष्ट होतं: थोड्यांनी खाणीत राहावं पण चांगल्या पगारावर राहावं. ज्यांची नोकरी टिकली त्यांच्यासाठी हा सौदा चांगलाच ठरला. त्या निधीतून ॲपालेशियात इस्पितळं उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांची गेली त्यांच्यासाठी करारात काही नव्हतं. आणि हाताने कोळसा भरणाऱ्यांत कृष्णवर्णीय कामगार प्रमाणाने जास्त होते, यंत्र चालवायच्या जागा त्यांना क्वचित मिळत, म्हणून सर्वात आधी तेच बाहेर पडले. आज काउंटीत कृष्णवर्णीय दहा टक्क्यांच्या आत आहेत. ‘मुक्त राज्या’चा तो चौथा हिस्सा डेट्रॉइट, क्लीव्हलँड, शिकागोला गेला.

त्याच काळात घरं तेल आणि गॅसवर गेली, रेल्वेची वाफेची इंजिनं डिझेलवर गेली. नॉरफॉक अँड वेस्टर्नने तर कोळशाच्या प्रेमापोटी वाफेची इंजिनं सर्वांत उशिरा, 1960 मध्ये सोडली. हा मारही होता. पण मॅकडॉवेलचा कोळसा मुख्यतः पोलादासाठी जायचा आणि पोलादाची मागणी तेव्हा तेजीत होती. म्हणून या पायरीचा मोठा वाटा मी यंत्राच्याच खात्यावर टाकतो.

1960 च्या उमेदवारीच्या लढतीत जॉन केनेडी या भागात फिरले. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच आदेशांपैकी एक गरिबांसाठीच्या अन्नवाटपाबद्दल होता. प्रायोगिक अन्नकूपन योजनेतली देशातली पहिली कूपनं 29 मे 1961 ला वेल्चच्या एका किराणा दुकानात वटवली गेली. घेणारा होता काम गेलेला खाणकामगार, घरात 15 माणसं, कूपनं 95 डॉलरची. तेव्हा ही कूपनं फुकट मिळत नसत, उत्पन्नानुसार काही रक्कम भरून जास्त किमतीची कूपनं घ्यावी लागत. आज कोट्यवधी अमेरिकी ज्या योजनेवर जेवतात तिची सुरुवात इथली आहे, आणि ती सुरू झाली तेव्हा ही काउंटी देशातल्या सर्वाधिक कोळसा काढणाऱ्या काउंट्यांपैकी होती.

सपाट दशक आणि दुसरी पायरी

1973 च्या तेलसंकटाने कोळशाला पुन्हा भाव आला. त्याआधी, 78 बळी घेणाऱ्या 1968 च्या फार्मिंग्टन स्फोटानंतर आणि फुप्फुसात कोळशाची धूळ साचून होणाऱ्या आजारावरून झालेल्या संपानंतर 1969 चा खाण-सुरक्षा कायदा आला होता. त्यात अशा रुग्णांना भरपाई मिळाली. नोकरी, पेन्शन, भरपाई असं काहीतरी घरात येऊ लागलं आणि लोक टिकले, काही परतलेही. नॉर्थफोर्क या छोट्या गावाच्या हायस्कूलने 1974 ते 1981 सलग आठ वर्षं राज्याची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, ती याच काळात.

मग अमेरिकेतला पोलाद उद्योग कोसळला. काउंटीतलं गॅरी हे गाव यूएस स्टीलने वसवलेलं, कंपनीच्या अध्यक्षाच्या नावाचं. 1980 च्या दशकात कंपनीने तिथल्या खाणी बंद केल्या आणि दहा वर्षांत काउंटीने 14,666 माणसं गमावली. पन्नाशीच्या दशकात निदान डेट्रॉइटला कारखाने भरती करत होते. आता तेही बंद पडत होते, म्हणून या वेळचा ओघ दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटकडे वळला. नॉर्थफोर्कचं विजेतं हायस्कूल 1985 मध्ये बंद होऊन वेल्चच्या शाळेत विलीन झालं. आज काउंटीत दोनच हायस्कूलं आहेत. घळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्याने शाळा विलीन झाली की मुलाचा रोजचा प्रवास डोंगराला वळसा घालून होतो. शाळा गेलेल्या घळीत तरुण जोडपं घर करत नाही, हे सांगायला भूगोलतज्ज्ञ लागत नाही.

जमीन

इथपर्यंतची गोष्ट अमेरिकेतल्या कित्येक उद्योगगावांना लागू पडते. पिट्सबर्गनेही पोलाद गमावलं, पण ते शहर इस्पितळं आणि विद्यापीठांवर सावरलं. मॅकडॉवेल सावरली नाही, याचं कारण मी जमिनीच्या सातबाऱ्यात शोधतो. सातबारा तिकडे नसतो, पण काउंटीच्या नोंदवहीत मालकाचं नाव असतंच.

रेल्वे येण्याच्या आधीपासून बाहेरच्या भांडवलदारांनी डोंगरी शेतकऱ्यांकडून जमिनी आणि जमिनीखालचे हक्क किरकोळ पैशांत घेतले होते. अमेरिकेत पृष्ठभाग आणि त्याखालचं खनिज वेगवेगळं विकता येतं, हे इथे कळीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉरफॉक अँड वेस्टर्न रेल्वेने प्रचंड जमीन आपल्या उपकंपनीकडे घेतली, पुढे तिचंच नाव पोकाहाँटास लँड झालं. ही कंपनी स्वतः खाण चालवत नाही. ती जमीन खाणवाल्यांना भाडेपट्ट्याने देते आणि टनामागे रॉयल्टी घेते. खाणवाले आले, गेले, दिवाळखोरीत निघाले, जमीनमालक तोच राहिला. काउंटीतली बहुतेक जमीन आजही अशा बाहेरच्या कंपन्यांच्या नावावर आहे.

याचा परिणाम रोजच्या जगण्यात असा होतो. नोकरी गेलेल्या खाणकामगाराला डोंगरमाथ्यावर दोन एकर घेऊन काही करायचं म्हटलं तर विकायला कुणी तयार नसतं, कारण खाली कोळसा आहे आणि मालकाला पुढच्या तेजीची वाट पाहायची आहे. खाली ओढ्याकाठची पट्टी तेवढी खासगी, आणि ती पुराच्या रेषेत. कारखाना, गोदाम, नवी वसाहत, काहीही आणायचं तर जागा नाही. राष्ट्रीय द्रुतगती महामार्ग काउंटीतून जात नाही. सर्वात जवळचा आंतरराज्य महामार्ग 77 शेजारच्या मर्सर काउंटीत, आणि तिथवर घाटवळणांच्या रस्त्याने तासभर.

आता पूर. 8 जुलै 2001 ला काउंटीत भयंकर पूर आला. सावरेपर्यंत 2 मे 2002 ला दुसरा आला. उभे उतार, मातीचा पातळ थर, खाणी आणि लाकूडतोडीने उघडे पडलेले डोंगर, गाळाने उथळ झालेले ओढे: पाणी काही तासांत घळीच्या तळाशी पोहोचतं आणि तिथेच सगळी घरं. पूरग्रस्तांची घरं सरकार विकत घेतं, पाडतं आणि त्या जागेवर पुन्हा बांधकाम करू देत नाही. नियम शहाणपणाचा आहे. पण जिथे सपाट जमीनच तेवढी आहे तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो. घर विकलेल्या माणसाला पूररेषेच्या वर जागा हवी, वरची जमीन कंपनीची, म्हणून तो भरपाईचा धनादेश घेऊन काउंटीच्या बाहेर जातो. पूरग्रस्तांना वाचवणाऱ्या योजनेनेच काउंटी थोडी आणखी रिकामी होते. फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा मोठा पूर आला, माणसंही दगावली.

पाणी आणि सांडपाण्याची गोष्ट याच धाग्यातली. जुन्या वसाहतींचे नळ कंपनीने टाकलेले. कंपनी गेल्यावर गंजलेल्या वाहिन्या गावाच्या गळ्यात पडल्या. पाणी उकळून प्या, अशा सूचना कित्येक गावांत नित्याच्या. अनेक घरांचं सांडपाणी नळीने थेट ओढ्यात जातं, कारण शोषखड्ड्यालाही सपाट जागा लागते. 98,887 माणसांसाठी टाकलेलं जाळं 19,111 माणसांच्या करातून दुरुस्त करायचं आहे, आणि त्या घरांतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत.

उरलेले

वॉशिंग्टनचं उपनगर असलेल्या फेअरफॅक्स काउंटीत पुरुषांचं सरासरी आयुर्मान 2010 च्या सुमारास 82 वर्षांच्या घरात होतं. मॅकडॉवेलमध्ये 64. एकाच देशात, मोटारीने एका दिवसात गाठता येईल अशा अंतरावर अठरा वर्षांचा फरक. वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसांचा आजार, आणि डॉक्टरांची टंचाई. फुप्फुसांच्या आजाराने अलीकडे पुन्हा डोकं वर काढलंय, कारण जाड थर उपसून झाल्यावर पातळ थर काढताना यंत्र दगडही कापतं आणि दगडातली सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा घातक असते. इथे थर संपण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्याचा परिणाम खाण बंद होण्यात नाही, माणसाच्या छातीत दिसतो.

डॉक्टरांच्या टंचाईशी भारताचा दुवा आहे. अमेरिकेत प्रशिक्षणासाठी आलेल्या परदेशी डॉक्टरांना, तीन वर्षं टंचाईग्रस्त भागात सेवा केल्यास मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते. त्यामुळे ॲपालेशियातल्या खाणगावांत भारतीय आडनावाच्या डॉक्टरांच्या पाट्या अनेक वर्षांपासून दिसतात. दुसरा दुवा कोळशाचाच. अमेरिकी कोकिंग कोळशाच्या मोठ्या खरेदीदारांत भारत आहे आणि दक्षिण वेस्ट व्हर्जिनिया हा त्या कोळशाचा एक मुख्य पट्टा.

नोकऱ्या आता मुख्यतः शाळा, इस्पितळ, तुरुंग आणि उरलेल्या खाणी यांत. वेल्चमधल्या एका बंद पडलेल्या इस्पितळाच्या इमारतीत तर दुसरा तुरुंग आहे. 2005 मध्ये किंबॉलजवळ वॉलमार्टचं मोठं दुकान आलं, तेव्हा छोटी दुकानं उठली. जानेवारी 2016 मध्ये कंपनीने जगभरातली 269 दुकानं बंद केली, त्यात हेही गेलं. नोकऱ्या गेल्याच, शिवाय स्थानिक अन्नपेढीला त्या दुकानातून मिळणारा माल थांबला. राजकारणाचा काटाही याच वर्षांत फिरला. 2008 मध्ये ओबामांना बहुमत देणाऱ्या या काउंटीने 2016 मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मतं ट्रम्प यांना दिली. कोळसा परत आणतो, असं ट्रम्प म्हणाले होते. कोळसा गेलाच नव्हता, हे प्रचारात कुणी बोललं नाही.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारभार बिघडला म्हणून राज्याने 2001 मध्ये शाळा ताब्यात घेतल्या आणि 2013 मध्ये परत दिल्या. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेऊन वेल्चमध्ये शिक्षकांसाठी सदनिकांची इमारत उभी केली, कारण राहण्याजोगं भाड्याचं घर मिळत नाही म्हणून शिक्षक शेजारच्या मर्सर काउंटीतल्या प्रिन्स्टन, ब्लूफील्डहून रोज ये-जा करत किंवा नोकरीच सोडत. मला हा उपाय सर्वांत नेमका वाटतो. त्याने रोग ओळखला आहे: पगार आहे, पण राहायला जागा नाही.

सर्वांत गाजावाजा झाला तो हॅटफील्ड-मॅककॉय वाटांचा. डोंगरात चार चाकी उघड्या गाड्या उडवायच्या शेकडो मैलांच्या वाटा राज्याच्या प्राधिकरणाने आखल्या. ओहायो, नॉर्थ कॅरोलिनाहून हौशी येतात, वेल्च-गॅरीच्या रस्त्यांवरून चिखलाने माखलेल्या गाड्या फिरतात, पडकी घरं स्वस्तात घेऊन कुणी भाड्याच्या खोल्या काढतं. पैसा येतो, हे खरं. पण या वाटा बहुतेक ठिकाणी सार्वजनिक जमिनीवर नाहीत. त्या जमीन कंपन्यांच्या मालकीच्या डोंगरांवरून, त्यांच्या परवान्याने जातात. अपघाताची जबाबदारी मालकावर येऊ नये अशी कायद्यात तरतूद केली, तेव्हा कंपन्या तयार झाल्या. आणि मालकाला त्या तुकड्यावर खाण किंवा लाकूडतोड सुरू करायची झाली, तर वाट तिथून उचलून दुसरीकडून न्यावी लागते.